व्यंगचित्राची कल्पना बातमीच्या क्रियापदात असते

रविवारी सकाळी माझ्या माडीवरच्या खोलीत चार-पाच मुलंमुली चित्रं घेऊन येतात. हात बहुतेकांचा चांगला असतो. कोल्हापूरला कलापूर म्हणतात ते उगाच नाही. चित्रकार आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर इथले आणि व्यंगचित्रकार वसंत सरवट्यांचा जन्मही इथलाच, १९२७ चा. पण नव्यानं आलेल्या प्रत्येकाची तक्रार एकच असते. "ताई, काढायला जमतंय, पण काय काढायचं तेच सुचत नाही."

सुचण्याची वाट बघत बसलं तर महिना जातो. सुचणं हे रोजचं काम आहे आणि ते पायरी पायरीनं शिकता येतं. मी ज्या क्रमानं काम करते तोच इथं देते. चित्रकला या लेखात नाही. पेन्सिल, काळी शाई आणि साधा कागद पुरतो, मोबाईलवर काढत असाल तर तेही चालतं.

पेपर कसा वाचायचा

दोन पेपर वाचा, शक्यतो वेगवेगळ्या राजकीय कलाचे. एकच बातमी दोन्हीकडं कशी लिहिलीय ते बघा. मथळ्यावर थांबू नका. चित्राचं बी बहुतेक वेळा सातव्या-आठव्या ओळीत असतं, जिथं बातमीदारानं घाईघाईत एखादा तपशील टाकलेला असतो.

जवळ एक दोनशेपानी वही ठेवा आणि तीन गोष्टी टिपा. पहिली, आकडा किंवा तारीख. दुसरी, सरकारी तोंडचा शब्द, म्हणजे 'तत्त्वतः मान्यता', 'प्रस्ताव विचाराधीन', 'लवकरच'. हे शब्द आपण इतके ऐकलेत की त्यांचा अर्थ कानावरून निसटून जातो, पण चित्रात ते पकडता येतात. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: या बातमीत कोण गैरहजर आहे? रस्त्याच्या उद्घाटनाच्या फोटोत फीत, हार, दहा पुढारी असतात. त्या रस्त्यावरून रोज शाळेत जाणारी पोरं फोटोत नसतात. गैरहजर माणूस सापडला की चित्राची बाजू कुठली घ्यायची ते ठरायला लागतं.

एक वाक्य लिहा

नवशिक्याची सगळ्यात मोठी चूक म्हणजे विषय घेऊन बसणं. "पुरावर काढतोय", "उसावर काढतोय". पूर हा विषय झाला, म्हणणं नव्हे. पेन्सिल उचलायच्या आधी वहीत एक पूर्ण वाक्य लिहा, त्यात कर्ता असू दे, क्रियापद असू दे आणि तुम्हाला काय खटकतंय ते असू दे. असं वाक्य लिहिता येईना तर तुमचं त्या बातमीबद्दल अजून काही मत बनलेलं नाही. मग पुन्हा वाचा, कुणाशी तरी बोला, नाहीतर बातमी सोडून द्या.

पुराचंच घेऊ. पंचगंगेला पाणी यायला लागलं की अख्खं शहर राजाराम बंधाऱ्यावरची पातळी फुटाफुटानं विचारत असतं. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे इथं शाळेतल्या पोराला पाठ असतं. २०१९ आणि २०२१ ला पाणी पन्नास फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. त्या दिवसांत बैठका झाल्या, दौरे झाले, घोषणा झाल्या. पाणी ओसरलं तसं बोलणंही ओसरत गेलं. आता वाक्य लिहा: 'पाणी चढतं तसं साहेबांचं लक्ष चढतं, पाणी उतरलं की लक्षही उतरतं.'

या वाक्यात चित्र जवळजवळ तयार आहे. फुटांच्या खुणा रंगवलेला पातळी मोजायचा खांब काढा. ३९ च्या रेघेला 'बैठक', ४३ ला 'पाहणी दौरा', पन्नासच्या वर 'पॅकेज'. खाली, एरवी पाणी असतं त्या पातळीला, चिखलात रुतलेली एक फाईल आणि तिच्यावर उगवलेलं गवत. माणूस एकही नको. खांब काय करतो ते प्रत्येक कोल्हापूरकराला माहीत आहे, त्यामुळं समजावून सांगायचं काही उरत नाही.

क्रियापद पकडा, मग वस्तू शोधा

आता मुख्य काम. वर खांब का जमला? बातमीत काहीतरी चढत-उतरत होतं आणि खांब चढ-उतारच मोजतो. दिसण्यातलं साम्य शोधाल तर चित्र लटकं होतं. पोट सुटलेला पुढारी हत्तीसारखा दिसतो म्हणून हत्ती काढला, तर त्यातून कळतं काय? बातमीत जे घडतंय ते आणि वस्तूचं जे काम आहे ते एक असलं पाहिजे. म्हणून मी मुलांना सांगते, बातमीतलं नाम बाजूला ठेवा, क्रियापद घ्या.

वहीचं पान उभं दुमडा. डावीकडं बातमीतली क्रियापदं लिहा: अडणं, थकणं, टोलवणं, गळणं, तुकडे होणं, आटणं, वाढणं. उजवीकडं, हेच काम करणाऱ्या रोजच्या वस्तू आणि प्रसंग. एका क्रियापदासमोर निदान पाच तरी लिहा. आणि वस्तू तुमच्या गल्लीतल्या, घरातल्या, शेतातल्या असू द्या. परदेशी व्यंगचित्रांतली गिलोटीन आणि ट्रोजन घोडा इथं कुणाच्या पोटात शिरत नाही.

'टोलवणं' घ्या. एका खड्ड्याची तक्रार या खात्याकडून त्या खात्याकडं फिरतेय. कोल्हापुरात टोलवणं म्हटलं की पेठांचं फुटबॉल आठवतं. शाहू स्टेडियमवर दोन खात्यांचे खेळाडू एकमेकांना पास देतायत, देतच राहिलेत, आणि गोलपोस्ट रिकामं. चेंडूवर 'तक्रार क्रमांक' लिहिलेला. प्रेक्षकांत एकच माणूस, पायाला प्लॅस्टर.

'तुकडे होणं'. उसाचा एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, चौदा दिवसांत द्यायचा असा नियम आहे, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला. भांडण नेहमीचं: पैसे एकरकमी का तुकड्यांत? आता उसाला तुकड्याचा खास शब्द आहे, कांडं. शेतकऱ्यानं अखंड ऊस गाडीत भरून दिला आणि खिडकीतून त्याच्या हातात एकेक कांडं पडतंय, दोन कांड्यांच्या मध्ये कॅलेंडरची पानं उलटतायत. चरकात पिळला जाणारा शेतकरी आपण हजार वेळा बघितलाय. कांडं त्यापेक्षा नेमकं आहे, कारण तक्रार पिळण्याची नाही, तुकड्यांची आहे.

कधी कधी क्रियापदाऐवजी वस्तूच्या अंगाचं नाव उपयोगी पडतं. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. आपल्या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं असताना हे झालं. त्या आठवड्यात चपलांची चित्रं खूप आली, बहुतेकांत चप्पल चोरून पळणारा गोरा माणूस होता. पण चप्पल बनवणाऱ्याशी बोला. तो पट्टा, अंगठा, टाच म्हणतो तसं बाजूच्या निघालेल्या पाकळ्यांना कान म्हणतो. चपलेला कान आहेत! मग चित्र असं: मोठ्या व्यासपीठावर एक कानवाली चप्पल, भोवती माईक, कॅमेरे. कोपऱ्यात चामडं कापायची रापी घेऊन बसलेला कारागीर काहीतरी सांगतोय आणि ऐकायला वाकलेत ते फक्त चपलेचे कान. हे घरात खुर्चीवर बसून सुचत नाही. त्यासाठी शिवाजी चौकाकडून चप्पल लाईनीत शिरावं लागतं आणि एखाद्या दुकानासमोर अर्धा तास उभं राहावं लागतं.

एक चित्र सुरुवातीपासून

हद्दवाढीची बातमी घेऊन सगळा प्रवास दाखवते, कारण तिच्यात मी स्वतः बरीच अडखळले होते.

कोल्हापूरची महापालिका झाली १९७२ ला. पुढं अर्धं शतक उलटलं तरी शहराची हद्द तेवढीच. शहर पसरलं, शेजारच्या गावांत घरं, कारखाने, कॉलेजं झाली, हद्द हलली नाही. शहरातले लोक म्हणतात निधी मिळत नाही, सोयींवर ताण येतो. गावं म्हणतात आमच्यावर घरफाळा बसेल, शेतावर आरक्षणं पडतील, ग्रामपंचायत जाईल. दोन्ही बाजूंनी मोर्चे निघालेत.

माझ्या वहीतली पहिली कल्पना रस्सीखेच होती. एका बाजूला शहर, दुसऱ्या बाजूला गावं. दुसरी, कुंपण ढकलणारा माणूस. तिसरी, फुगा. तिन्ही टाकून दिल्या. पहिल्या तीन कल्पना आधी कुणाला तरी सुचलेल्याच असतात, म्हणून त्या वाचणाऱ्यालाही आधीच सुचलेल्या असतात. त्या लिहून मोकळं व्हायचं आणि चौथीकडं जायचं.

मग वाक्य लिहिलं: 'शहर वाढलं, हद्द वाढली नाही.' क्रियापद 'वाढणं'. उजव्या रकान्यात काय वाढतं? वेल, नखं, भाडं, पोरगं. पोरगं वाढतं तेव्हा काय वाढत नाही? त्याचे कपडे. इथं चित्र उघडलं. पन्नाशीचा धिप्पाड माणूस, छातीवर 'कोल्हापूर', अंगात शाळेतला सदरा. बटणं तुटून उडालेली, बाह्या कोपराच्या वर, कॉलरच्या आतल्या पट्टीवर शिंप्यानं घातलेला आकडा: १९७२. समोर शिंपी टेप घेऊन उभा, माप घेतोय आणि वहीत लिहितोय. पन्नास वर्षं नुसती मापंच घेतलीत, हे दाखवायला त्याच्या मागं मापांच्या वह्यांची चळत.

इथपर्यंत मी खूश होते. मग शेजारच्या गावातल्या एका काकांना कच्चं चित्र दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पोरी, सदरा लहान झाला हे खरं. पण नवं कापड कुणाचं फाडणार?"

त्या एका प्रश्नानं दुसरं चित्र दिलं. तोच शिंपी, तोच धिप्पाड माणूस, पण आता कात्री शेजारी झोपलेल्या माणसाच्या वाकळेला लागलेली आहे. वाकळ ठिगळांची आणि एकेका ठिगळावर एकेका गावाचं नाव. झोपलेला माणूस डोळे उघडून वाकळ घट्ट धरून बसलाय. बातमी तीच, वस्तूही शिंप्याच्याच दुकानातली, पण म्हणणं उलट. दोन्ही चित्रं खरी आहेत. कुठलं द्यायचं हे तुमच्या मतावर ठरतं. मी दोन्ही शेजारीशेजारी दिली, कारण मला दोन्ही पटत होती. तुमचं मत पक्कं असेल तर एकच द्या आणि ठामपणे द्या.

घासून गुळगुळीत झालेल्या गोष्टी

खुर्ची, मगरीचे अश्रू, बुडती नाव, गाजर, दोरीवरची कसरत, महागाईची राक्षसीण. ही यादी वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवा आणि निदान वर्षभर यांतलं काही काढू नका. आपल्याकडं आणखी एक आहे, कुस्ती. निवडणूक आली की दोन पैलवान, लाल माती, वर नेता पंच. कोल्हापूरच्या मातीशी याचं नातं खरं आहे, म्हणूनच त्याचा इतका वापर झाला की धार गेली.

पण आखाडा पूर्ण सोडायची गरज नाही. आत जरा खोल शिरा. तालमीतल्या माणसांचा शब्द आहे नुरा कुस्ती, म्हणजे आधीच ठरवून लढलेली. वर्तमानपत्रातून एकमेकांवर तुटून पडणारे दोन गट एखाद्या सहकारी संस्थेच्या निवडणुकीत एकाच पॅनेलमध्ये बसलेले दिसतात, तेव्हा हा शब्द नेमका लागू पडतो. मग पैलवानांची तोंडं काढायची गरजच उरत नाही. हलगीवाला घामाघूम होऊन वाजवतोय, प्रेक्षक फेटे उडवतायत, आणि आखाड्यात दोन पैलवान एकमेकांच्या अंगाला हळुवार माती लावून देतायत.

काड्यापेटीएवढी चित्रं

कल्पना पक्की झाली की लगेच मोठा कागद घेऊ नका. काड्यापेटीच्या आकाराचे आठ चौकोन आखा आणि तीच कल्पना आठ तऱ्हांनी मांडा. जवळून, लांबून, मागून, घटनेच्या आधी, घटना झाल्यावर. बहुतेक वेळा 'व्हायच्या एक क्षण आधी' चांगलं निघतं, कारण पुढचं वाचणारा स्वतः घडवतो.

काय दाखवायचं नाही हेही इथंच ठरतं. आणीबाणी लागल्यावर, १० डिसेंबर १९७५ ला इंडियन एक्सप्रेसमध्ये व्यंगचित्रकार अबू अब्राहम यांचं एक चित्र आलं. राष्ट्रपती बाथटबमध्ये बसलेत आणि तिथूनच सही केलेला वटहुकूम दाराशी आलेल्या हातात देतायत. आणखी असतील तर थोडं थांबायला सांगा, असं म्हणतायत. कागद पाठवणारं सरकार चित्रात नाहीच. घाई दिसते, सहीची सवय दिसते आणि आंघोळही पुरी होऊ न देणारी सत्ता त्या एका हातात येते. हे चित्र जमलं तर कागदावर उतरवून बघा. कुठली रेघ पुसली तर अर्थ जातो ते शोधत बसा. मला स्वतःला यातून जेवढं शिकायला मिळालं तेवढं क्वचितच दुसरीकडून मिळालं असेल.

शब्द कमी ठेवा. चाचणी अशी: सगळी अक्षरं बोटानं झाका. चित्र निम्म्याहून जास्त कळलं पाहिजे. कळत नसेल तर अक्षरं वाढवू नका, वस्तू बदला. बोलणारा माणूस इथला असेल तर त्याला इथलं बोलू द्या. "पाणी येणार आहे काय?" आणि "पाणी येतंय का न्हाई?" यांत अख्ख्या पेठेचं अंतर आहे.

कुणावर, आणि किती

वार खालून वर जाऊ दे. पुरात बसलेली बाई, थकलेला शेतकरी, मोर्च्यातली पोरं ही थट्टेची जागा नव्हे. पुढाऱ्यावर काढताना त्याच्या कृतीवर काढा. त्याचं व्यंग, रंग, जात, धर्म, घरातल्या बायका यांना हात लावू नका. २०२३ च्या जूनमध्ये मोबाईलवरच्या स्टेटसवरून या शहरात हिंसाचार झाला तो आपण बघितलाय. एका प्रतिमेची ताकद किती असते हे त्यानंतर कुणी सांगायला नको.

बातमी खात्रीची आहे का ते दोन ठिकाणी तपासा. मी एकदा एका नगरसेवकाचं विधान एकाच ठिकाणी वाचून चित्र दिलं. त्यांचं पूर्ण वाक्य वेगळं होतं, छापताना मागचा अर्धा भाग गेला होता. चित्र छापून आल्यावर ते समजलं. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली आणि दुरुस्ती छापायला लावली. आजही मी कुणाचंही विधान मूळ भाषण किंवा व्हिडिओ बघितल्याशिवाय वापरत नाही.

आणि सगळ्याच चित्रांनी हसवायचं नसतं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. १९१५ सालचं, शाहू महाराजांच्या काळातलं पॅलेस थिएटर. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. सकाळी शेजारच्या खासबाग कुस्ती मैदानाच्या बाजूला लोक नुसते उभे होते, म्हातारी माणसं रडत होती. त्या दिवशी एका मुलानं मला विचारलं, यावर काढायचं का? मी म्हटलं, काढ, पण विनोद शोधू नको. त्यानं काळ्या पडलेल्या रंगमंचाचा एक कोपरा काढला आणि तिथं टांगलेली घंटा. खाली दोनच शब्द: 'तिसरी घंटा'. नाटक सुरू व्हायची खूण असलेली घंटा, पण पडदाच उरलेला नाही. राग नंतर येतो, चौकशी, जबाबदारी, विलंब यांवरची चित्रं नंतरच्या आठवड्यात काढता येतात. पहिल्या दिवशी शहराबरोबर उभं राहणं पुरतं.

द्यायच्या आधी

चित्र पुरं झालं की दोघांना दाखवा. एक पेपर वाचणारा, एक न वाचणारा. "कसं झालंय?" असं विचारू नका, सगळे 'भारी' म्हणतात. "यात काय चाललंय?" असं विचारा आणि गप्प बसा. मी बऱ्याचदा गंगावेशीत दूध प्यायला जाते तेव्हा कच्चं चित्र बरोबर नेते. दूधवाल्यानं तिसऱ्या सेकंदाला मान हलवली तर चित्र जमलं. त्यानं "हे कोण?" असं विचारलं तर घरी येऊन पुन्हा वही उघडते.

एखाद्या दिवशी संध्याकाळपर्यंत काहीच येत नाही. त्यासाठी वहीच्या शेवटच्या पानांवर वर्षभर फिरून येणाऱ्या बातम्यांची यादी ठेवा: जून-जुलैत पाणी, दिवाळीच्या आसपास गळीत हंगाम आणि दर, मार्चमध्ये अंदाजपत्रक, नंतर पाणीटंचाई, पंचगंगेचं प्रदूषण कायमच. प्रत्येकासमोर सुचेल तेव्हा क्रियापदं आणि वस्तू लिहीत जा. बातमी येते तेव्हा निम्मं काम आधीच झालेलं असतं.

चित्राच्या कोपऱ्यात सहीबरोबर तारीख घाला आणि मागच्या बाजूला पेन्सिलीनं ती बातमी एका ओळीत लिहून ठेवा. दोन वर्षांनी तुम्हालाही आठवणार नाही की त्या सदऱ्यावर १९७२ का लिहिलं होतं.